माजी सैनिकाच्या विधवा पत्नीने मुंबईतून सरकारी अर्थसाहाय्य कसे मिळवावे

माजी सैनिकाच्या निधनानंतर त्याच्या पत्नीला सरकारकडून काय मिळू शकते, हे सर्वप्रथम एका प्रश्नावर ठरते: पतीला लष्कराची पेन्शन मिळत होती की नव्हती? पेन्शन मिळत असेल तर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे बोलण्यात ज्याला फॅमिली पेन्शन म्हणतात ते, मिळण्याचा हक्क असतो. पेन्शन नसेल, म्हणजे जवान म्हणून पंधरा वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधीच पती घरी आले असतील, तर तिच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या निधीतून मिळणारी मदत हा मुख्य मार्ग असतो. युद्धात किंवा कारवाईत हुतात्मा झालेल्या सैनिकांच्या वीरपत्नींसाठीच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्यांच्या रकमाही वेगळ्या आहेत. या लेखाचा विषय निवृत्तीनंतर घरी आलेल्या, नंतर एखादी नोकरी केलेल्या आणि वयोमानाने किंवा आजारपणाने गेलेल्या सैनिकांच्या पत्नी हा आहे. मुंबईत अशा स्त्रियांची संख्या लहान नाही, आणि आपला नेमका हक्क कोणता हे त्यांच्यापैकी अनेकींना कोणी नीट सांगितलेले नसते.

आधी कागद

माझ्या आत्यांचे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून नाईक म्हणून निवृत्त झाले होते. ते गेल्यानंतर घाटकोपरच्या खोलीत आम्ही त्यांची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी मेणकापडात गुंडाळलेले डिस्चार्ज बुक, म्हणजे लष्करातून मुक्त होताना मिळालेली सेवेच्या नोंदींची पुस्तिका, पीपीओची म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाची पिवळी पडलेली प्रत आणि दोघांचा एकत्र काढलेला फोटो सापडला. सगळे कागद जपून ठेवलेले होते, तरीही आत्यांची फॅमिली पेन्शन सुरू व्हायला चौदा महिने लागले. कारण एवढेच की डिस्चार्ज बुकात त्यांचे लग्नात ठेवलेले नाव होते, आणि आधार कार्डावर व बँकेत माहेरचे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत होती, गावी एक नाव चालत असे आणि सासरी दुसरे, आणि पलटणीतल्या कारकुनाने इंग्रजीत लिहिताना त्याचे तिसरेच रूप होत असे. ‘लक्ष्मी’ आणि ‘लक्ष्मीबाई’ या एकच बाई आहेत हे घरच्यांना माहीत असते, पण संगणकाला ती दोन माणसे वाटतात.

म्हणून पहिले काम हे की पतीचे डिस्चार्ज बुक, पीपीओ, आपले आधार कार्ड, पॅन कार्ड आणि बँकेचे पासबुक हे पाच कागद समोर ठेवून पत्नीचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळते का ते पाहावे. फरक किरकोळ असेल, म्हणजे एखादे अक्षर किंवा ‘बाई’ एवढाच असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सहसा पुरते. नावच वेगळे असेल तर प्रतिज्ञापत्राबरोबर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा आणि त्याची प्रत पतीच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला, पाठवावी. पती हयात असतील तर हे काम त्यांनी स्वतः अर्ज करून करणे कितीतरी सोपे असते, कारण सैनिकाच्या स्वतःच्या अर्जावर रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीतील बदलाचा अधिकृत आदेश, काढून पत्नीचे नाव दुरुस्त करते. घरात वृद्ध माजी सैनिक असतील, तर हा लेख वाचून झाल्यावर त्यांचा पीपीओ एकदा उघडून पाहावा, ही माझी मनापासून विनंती आहे.

काही जुन्या पीपीओंवर पत्नीचे नावच नसते. दुसरे लग्न झाले आणि ते कळवायचे राहून गेले, किंवा कुटुंब निवृत्तिवेतनाची संयुक्त नोंद झालीच नाही, अशी त्याची कारणे असतात. अशा वेळी घाबरून जाण्याचे कारण नाही. विवाह नोंदणीचा दाखला, तो नसेल तर प्रतिज्ञापत्र, दोघांचा एकत्रित फोटो, रेशन कार्ड आणि मुलांचे जन्मदाखले यांसह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा लागतो. तिथल्या नोंदींशी पडताळणी झाली की प्रकरण प्रयागराजच्या संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (पेन्शन) कार्यालयाकडे जाते. यात वेळ लागतो, पण हक्क बुडत नाही, आणि मंजुरी आल्यावर थकबाकीही मिळते.

रेकॉर्ड ऑफिस कोणते, हे पलटणीवरून ठरते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला आहे. हवाई दलाच्या नोंदी दिल्लीच्या सुब्रतो पार्कमध्ये असतात. नौदलातील जवानांच्या पत्नींना मात्र मुंबईत एक मोठी सोय आहे: नौदलाचे पेन्शन कार्यालय सायन-ट्रॉम्बे रस्त्यावर मानखुर्दला, आयएनएस तानाजी इथेच आहे, त्यामुळे पत्रांची वाट पाहत बसण्यापेक्षा तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारणे शक्य होते. कुठेही पत्र लिहिताना पतीचा सैनिक क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव आणि पीपीओ क्रमांक सर्वांत वर लिहावा. क्रमांकाशिवाय पाठवलेल्या पत्राचा माग लागत नाही.

पती गेल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत

महापालिकेच्या आपल्या विभाग कार्यालयातून मृत्यूचा दाखला घ्यावा आणि त्याच्या किमान सहा प्रती एकदमच घ्याव्यात. दाखल्यावर पतीचे नाव पीपीओप्रमाणे लिहिले आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी वाचून पाहावे, कारण नंतरची दुरुस्ती म्हणजे नव्याने सगळ्या फेऱ्या.

संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन आता बहुतांशी ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून दिले जाते. पतीच्या निधनाची नोंद तिथे करून मृत्यूचा दाखला, पत्नीचे आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील जोडला, आणि पत्नीचे नाव आधीपासून नोंदलेले असले, की कुटुंब निवृत्तिवेतनाची प्रक्रिया सुरू होते. मुलगा किंवा सून संगणक वापरत असेल तर हे घरूनही करता येते. तशी सोय नसेल तर सामायिक सेवा केंद्रात किंवा स्पर्शचे सेवा केंद्र असलेल्या बँक शाखेत जावे. पती गेल्यानंतरही त्यांच्या खात्यात पेन्शन जमा होत राहिली असेल, तर ती रक्कम काढू नये, कारण ती नंतर वसूल केली जाते आणि वसुली होईपर्यंत पुढचे काम अडते. कुटुंब निवृत्तिवेतन पतीच्या निधनाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते, म्हणून उशिरा मंजूर झाले तरी मधल्या महिन्यांचे पैसे बुडत नाहीत.

या निवृत्तिवेतनासाठी न्यायालयाचा वारसा दाखला लागत नाही. हे निवृत्तिवेतन म्हणजे वारसांत वाटून घ्यायची मालमत्ता नव्हे, तो पत्नीचा स्वतःचा हक्क आहे. त्यामुळे नातेवाइकांकडून ‘सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय काही होणार नाही’ असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. पतीच्या हयातीतली थकीत पेन्शन हा विषय वेगळा असून ती नामनिर्देशनाप्रमाणे दिली जाते.

पतीने निवृत्तीनंतरही विम्याचे संरक्षण चालू ठेवले होते का, हेही याच काळात तपासावे. भूदलाचा आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड, नौदलाची आणि हवाई दलाची अशाच स्वरूपाची व्यवस्था, यांत निवृत्तीनंतरचे वाढीव विमा संरक्षण असते, आणि भूदलात ते वयाच्या 75 व्या वर्षापर्यंत असू शकते. घरच्यांना त्याची कल्पना नसल्यामुळे दावाच केला जात नाही, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

रक्कम किती असते

सर्वसाधारण कुटुंब निवृत्तिवेतन पतीच्या शेवटच्या हिशेबी वेतनाच्या, म्हणजे पेन्शन ठरवताना धरल्या जाणाऱ्या वेतनाच्या, 30 टक्के असते, आणि कितीही कमी बसत असले तरी मूळ रक्कम दरमहा 9,000 रुपयांपेक्षा कमी असू शकत नाही. त्यावर महागाई भत्ता वेगळा मिळतो आणि तो जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. पती निवृत्तीनंतर गेले असतील तर सुरुवातीची सात वर्षे, किंवा पतीचे वय 67 झाले असते त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत 50 टक्क्यांचा वाढीव दर लागू होतो. उदाहरणार्थ, हिशेबी वेतन 30,000 रुपये असेल आणि पती 62 व्या वर्षी गेले असतील, तर पत्नीला पाच वर्षे मूळ 15,000 रुपये आणि त्यानंतर 9,000 रुपये, अधिक महागाई भत्ता मिळेल. पाच वर्षांनी रक्कम अचानक कमी झाली म्हणून अनेकजणी घाबरून बँकेत धावतात, पण ती कपात नियमानुसारच असते. पती 67 नंतर गेले असतील तर वाढीव दर लागू होत नाही.

पतीचा मृत्यू लष्करी सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या कारणाने झाल्याचे मान्य झाले असेल, तर 60 टक्के दराने विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. लढाईतील मृत्यूसाठीचे उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन वेतनाच्या 100 टक्के असते. पतीला अपंगत्वाची पेन्शन होती आणि तेच कारण मृत्यूचेही ठरले, अशी स्थिती असेल तर रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि विशेष दराची मागणी लेखी करावी, कारण हा दर सहसा मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

वयाच्या 80 व्या वर्षापासून मूळ रकमेवर 20 टक्के अतिरिक्त निवृत्तिवेतन मिळते, 85 ला ते 30 टक्के, 90 ला 40 टक्के, 95 ला 50 टक्के आणि शंभरीला 100 टक्के होते. इथे पुन्हा जन्मतारखेचा प्रश्न येतो. पीपीओवर पत्नीची जन्मतारीख नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही, आणि ऐंशी ओलांडलेल्या आजी वर्षानुवर्षे जुन्याच रकमेवर राहतात. ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ ही योजना 1 जुलै 2014 पासून कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे आणि तिची फेरआकारणी 2019 व 2024 मध्ये झालेली आहे. त्यामुळे जुन्या काळी निवृत्त झालेल्या सैनिकांच्या पत्नींनी आपली मूळ रक्कम पतीचा हुद्दा आणि सेवेची वर्षे यांच्या तक्त्याशी एकदा ताडून घ्यावी.

दोन पेन्शनींचा प्रश्न

मुंबईतील स्त्रियांसाठी हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लष्करातून पस्तिशी-चाळिशीत घरी आलेला जवान या शहरात स्वस्थ बसत नसे. तो रेल्वेत, गोदीत, टपाल खात्यात किंवा एखाद्या सरकारी कार्यालयात पुन्हा नोकरीला लागत असे आणि तिथूनही पेन्शन घेऊन निवृत्त होत असे. पूर्वी अशा घरातील पत्नीला लष्करी आणि नागरी यांपैकी एकच कुटुंब निवृत्तिवेतन निवडावे लागे. 24 सप्टेंबर 2012 पासून ही अट गेली आणि दोन्ही निवृत्तिवेतने घेण्याची मुभा मिळाली. संरक्षण मंत्रालयाने जानेवारी 2013 मध्ये त्याचे आदेश काढले, आणि ज्यांचे पती त्याआधीच वारले होते त्यांनाही 24 सप्टेंबर 2012 पासून लाभ दिला गेला.

माझ्या आत्यांना याच नियमाचा लाभ मिळाला. यजमान दुसऱ्या नोकरीत एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्या खात्यातल्या टेबलावर आत्यांना सरळ सांगितले गेले की एक पेन्शन मिळते, दुसरी मिळणार नाही. त्या निमूट परत आल्या. आदेशाची प्रत घेऊन दुसऱ्यांदा गेल्यावर त्याच टेबलावरून तो अर्ज स्वीकारला गेला. म्हणून आपल्या ओळखीत कोणाचे पती लष्करानंतर सरकारी नोकरीत होते आणि त्यांना आज एकच फॅमिली पेन्शन मिळत आहे, असे कानावर आले, तर त्यांच्या घरी जाऊन पतीचे डिस्चार्ज बुक पाहायला सांगावे. लष्करी पेन्शनचा पीपीओ असेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे त्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज करता येतो, मग मध्ये कितीही वर्षे गेलेली असोत.

लष्करी पेन्शन नसेल तर

मुंबईचे शहर आणि उपनगर असे दोन महसुली जिल्हे आहेत आणि दोन्हींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची व्यवस्था वेगळी आहे. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत राहणाऱ्यांचा जिल्हा मुंबई शहर, आणि वांद्रे ते दहिसर, कुर्ला ते मुलुंड हा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो. आपला पत्ता ज्या जिल्ह्यात, तिथेच नोंदणी करावी. पतीची नोंदणी गावच्या जिल्ह्यात, म्हणजे सातारा किंवा रत्नागिरीला झालेली असेल तर ती इकडे बदलून घ्यावी, नाहीतर प्रत्येक कागदासाठी गावी जावे लागते. नोंदणीनंतर विधवा म्हणून स्वतःचे ओळखपत्र मिळते, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते मागितले जाते. कार्यालयातल्या कल्याण संघटकाला भेटावे. हे सहसा स्वतः माजी सैनिक असतात, त्यामुळे पलटणीचे नाव सांगितले की बोलणे सोपे होते.

केंद्रीय सैनिक बोर्डाकडून संरक्षण मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून दिली जाणारी मदत हवालदार व त्याखालील हुद्द्यांच्या, तसेच नौदल व हवाई दलातील समकक्ष हुद्द्यांच्या, माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या पत्नींसाठी आहे. दर वर्षी 7 डिसेंबरला ध्वजदिनानिमित्त जमा होणारा निधी याच कामी येतो. यातील तीन योजनांच्या रकमा 1 नोव्हेंबर 2025 पासून येणाऱ्या अर्जांसाठी दुप्पट झाल्या आहेत.

निर्धन अनुदान हे 65 वर्षांवरील, पेन्शन नसलेल्या आणि नियमित उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकांसाठी व विधवांसाठी आहे. पूर्वी ते दरमहा 4,000 रुपये होते, आता 8,000 रुपये आहे. शिक्षण अनुदान दोन मुलांपर्यंत पहिलीपासून पदवीपर्यंत मिळते, आणि विधवेने स्वतः दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला तर तिलाही मिळते. ते दरमहा 1,000 रुपयांवरून 2,000 रुपये झाले आहे. हे अनुदान उत्तीर्ण झालेल्या इयत्तेसाठी दिले जाते, म्हणून निकालपत्रक हाती येताच त्याच वर्षी अर्ज करावा. विवाह अनुदान दोन मुलींपर्यंत आणि विधवेच्या पुनर्विवाहासाठी असून ते 50,000 रुपयांवरून 1,00,000 रुपये करण्यात आले आहे. याशिवाय विधवेला व्यवसाय प्रशिक्षणासाठी एकदा 50,000 रुपये मिळू शकतात, आणि पेन्शन नसलेल्यांना औषधोपचारासाठी वेगळे साहाय्य असते.

निर्धन अनुदान आणि फॅमिली पेन्शन एकत्र मिळत नाहीत. शिक्षण आणि विवाहाचे अनुदान मात्र पेन्शन घेणाऱ्या विधवांनाही मिळते, ही गोष्ट पेन्शनवाल्या घरांत फारशी ठाऊक नसते.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर करावा लागतो. मूळ कागद स्कॅन करून जोडावे, झेरॉक्सचे फोटो चालत नाहीत. त्यानंतर मूळ कागद घेऊन जिल्हा कार्यालयात पडताळणीला जावे लागते, आणि हीच पायरी सर्वाधिक राहून जाते. अर्ज भरला की काम झाले, असे समजून घरी बसलेल्या विधवांचे अर्ज जिल्हा पातळीवरच पडून राहतात. पडताळणी झाल्यावर अर्ज पुण्याच्या सैनिक कल्याण विभागामार्फत दिल्लीला जातो आणि रक्कम थेट खात्यात येते. खाते विधवेच्या एकटीच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे.

मुले अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला असतील तर पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना पाहावी. मुलींना दरमहा 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये मिळतात, आणि प्रवेशासाठी लागणाऱ्या पात्रता परीक्षेत, उदाहरणार्थ बारावीत, किमान 60 टक्के गुण असावे लागतात. ही शिष्यवृत्ती पहिल्या वर्षीच मागावी लागते.

राज्य सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये माननीय बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींच्या एका निवासी घराला मालमत्ता करातून सूट देणारी योजना आणली. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयातील करनिर्धारण विभागात अर्ज करावा. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे चाळीतल्या किंवा लहान सदनिकेत राहणाऱ्यांनी या अर्जासाठी पायपीट करण्याची गरज नाही.

चालू झालेली पेन्शन बंद पडू नये म्हणून

हयातीचा दाखला दर वर्षी, सहसा नोव्हेंबरात, द्यावा लागतो. 80 वर्षांवरील स्त्रियांना तो 1 ऑक्टोबरपासून देता येतो. जीवन प्रमाण प्रणालीवर तो घरी बसून, मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण भरताना पेन्शन वाटणारे कार्यालय या रकान्यात प्रयागराजचे स्पर्श निवडावे. बँकेचे नाव निवडले की दाखला चुकीच्या ठिकाणी जातो आणि दाखला दिलेला असूनही पेन्शन थांबते. पीपीओ क्रमांकही पतीचा जुना न लिहिता आपला नवा लिहावा. फोनवर ओटीपी मागणाऱ्या, किंवा ‘पेन्शन वाढवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या कोणालाही काही देऊ नये. यांपैकी कोणत्याही योजनेच्या अर्जाला सरकारी शुल्क नाही.

अर्ज नाकारला गेला तर नकार लेखी मागावा आणि त्यावरील तारीख जपून ठेवावी. विशेष कुटुंब निवृत्तिवेतन नाकारले असेल तर आधी खात्याकडे अपील करावे, आणि तिथेही दाद न मिळाल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. वकिलाचा खर्च परवडत नसेल म्हणून थांबू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो आणि त्यासाठीचा अर्ज आपल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. अर्जासोबत नकाराचे पत्र, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाच्या प्रती जोडाव्यात, आणि मूळ डिस्चार्ज बुक मात्र कोणत्याही टेबलावर सोडून येऊ नये.